हाक कुणाची, ओ कुणाची

गेल्या वर्षभरात मी राजीनाम्याचा मेल तीनदा लिहिला आणि तीनदा ड्राफ्टमध्येच ठेवला. नोकरी वाईट नाही. पैसे इकडून तिकडे नेणाऱ्या सिस्टिम्सचा कोड मी लिहिते. पगार वेळेवर जमा होतो आणि आठवड्यातले दोन दिवस नायगावहून निघून लोकलमध्ये चेंगरावं लागत नाही. मेलमध्ये कारण तिन्ही वेळा एकच होतं. मला स्पीच थेरपिस्ट व्हायचं आहे, मला माझं काम सापडलं आहे.

मी अडायचे ती 'सापडलं' या शब्दापाशी. सापडलं म्हणजे आधी हरवलं होतं का? कुठे होतं? आणि सापडलं ते मला, की मी कुणाला?

आपल्या पिढीला हा प्रश्न रोज विचारला जातो, म्हणजे रोज फोनवर दाखवला जातो. कुणीतरी बँकेची नोकरी सोडून बेकरी काढतं, कुणी कोकणात जाऊन होमस्टे चालवतं, आणि खाली लिहिलेलं असतं की आतला आवाज ऐका. ट्रेनमध्ये उभ्याने ते रील बघताना मला नेहमी वाटायचं की माझ्या आत कुणी बोलतच नाहीये. भाईंदर गेलं, खाडीचा पूल आला, पाणजू बेट मागे पडलं, आत सगळी शांतता.

इंग्रजीत याला 'कॉलिंग' म्हणतात. जुना शब्द 'व्होकेशन'. तो लॅटिनमधल्या बोलावणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला, आणि त्या क्रियापदाचं मूळ व आपल्या 'वाचा'मागच्या 'वाच्'चं मूळ एकच आहे. म्हणजे 'व्होकेशन' आणि 'वाचा' हे शब्द लांबचे का होईना, नातेवाईक निघतात. मराठीत मात्र 'कॉलिंग'साठी एक नेमका शब्द मला मिळत नाही. 'ध्यास' माझा असतो, 'आवड' माझी असते, 'ओढ' माझ्या आतून येते. 'हाक' म्हटलं की दोन माणसं लागतात. एकाने मारायची आणि दुसऱ्याने ओ द्यायची. हा फरक मला शब्दकोशातून कळला नाही. आज्याकडून कळला, आणि त्या वेळी आज्याला बोलता येत नव्हतं.

*

आम्ही जूचंद्रचे आगरी. नायगाव पूर्वेला आता जिकडे बघाल तिकडे टॉवर दिसतात, पण आज्याच्या तरुणपणी इकडे भातशेती आणि मिठागरंच होती. पावसाळ्यात शेत, पाऊस सरला की मीठ. आमच्या घरात आज्याला अरे-तुरेच करतात. त्यात अनादर नसतो, उलट 'अहो आजोबा' म्हटलं तर तो मागे वळून बघेल की कोण पाहुणा आला. म्हणून इथेही तो 'तो'च राहील.

एका सकाळी तो ओटीवर बसला होता आणि हातातला कप सुटून पडला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं एकदमच गेलं. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला होता. महिन्याभराने पाय थोडा सावरला, हात नाही. बोलण्यात एकच गोष्ट परत आली, 'हां'. पाणी हवं, हां. भूक लागली, हां. टीव्ही बंद करू, हां. आम्ही खूश होतो, कारण आज्याला सगळं कळत होतं आणि तो सगळ्याला होकार देत होता.

मी इंजिनियर आहे, त्यामुळे मी ॲप बनवलं. दोन रविवार घालवून चाळीस बटणं केली. पाणी, चहा, संडास, दुखतंय, पंखा, गोळी. बटण दाबलं की फोन बोलणार, तोही माझ्या आवाजात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' किंवा चेन्नईच्या अजित नारायणन यांचं 'आवाझ' यांसारखी, खूप विचार करून केलेली ॲप्स आधीपासून आहेत हे मला नंतर कळलं. आज्याने माझं ॲप दोन दिवस वापरलं आणि फोन पालथा घालून ठेवला. तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला टचस्क्रीन जमत नाही. पुढे कधीतरी ती बटणांची यादी परत वाचली तेव्हा लाज वाटली. चाळीस बटणांत 'नको' नव्हतं. 'का?' नव्हतं. 'शेत' नव्हतं. त्याच्या सगळ्या गरजा मी लिहिल्या होत्या, मत एकही लिहिलं नव्हतं.

*

शेताची गोष्ट त्याच सुमाराला सुरू झाली. खाडीकडचा एक तुकडा आज्याच्या नावावर होता. त्यात खारं पाणी शिरतं, कित्येक वर्षं तिथे धड पीक नाही, पण आजूबाजूला रस्ते झाले आणि भाव आला. वडील आणि काका विकायच्या बाजूचे. मी विरोधात. एक दिवस सगळे बसले असताना काकांनी विचारलं, "बाबा, ती जमीन देऊन टाकू ना?" आजा म्हणाला, "हां."

विषय संपला. कागद करायचे ठरले. उजवा हात गेला तरी अडचण नव्हती, कागदावर पुरुषाचा अंगठा डाव्याच हाताचा लागतो.

तोवर आज्याला आम्ही मुंबईत स्पीच थेरपीला न्यायला लागलो होतो. आठवड्यातून एकदा, दिव्यांगांच्या डब्यातून. तिथली बाहेरची बाकं मी विसरणार नाही. कानामागे यंत्र लावलेली अडीच-तीन वर्षांची मुलं, स्वतःचं नाव सांगतानाच अडकणारा कॉलेजचा मुलगा, कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढलेले आणि गळ्यावर रुमाल बांधलेले एक काका. आपल्या देशात या कामाचं रीतसर शिक्षण तसं अलीकडचं आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था 1965 साली सुरू झाली, त्याच दशकात मुंबईत नायर रुग्णालयात हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983 मधली. म्हणजे आज्याच्या जन्माच्या वेळी, त्याला आज जे झालंय त्यावर काम करणारा माणूस घडवायची सोयच इथे नव्हती.

थेरपिस्ट मॅडम चाळिशीच्या. पहिल्या दिवशी त्यांनी आज्याला नमस्कार केला, खुर्ची ओढून त्याच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसल्या आणि विचारलं, "आजोबा, आपण आत्ता दवाखान्यात आहोत का?"

"हां."

"बाहेर पाऊस पडतोय का?" मे महिना होता.

"हां."

"तुम्ही बाई आहात का?"

"हां."

मी हसले. आजा हसला नाही. तिसऱ्या 'हां'नंतर त्याने माझ्याकडे बघितलं आणि डाव्या हाताने स्वतःच्या मांडीवर चापट मारली. प्रश्न कळला होता. उत्तर चुकलंय हेही कळलं होतं. तोंडातून बाहेर पडत होता तो एकच शब्द, आणि नेमका तोच शब्द आम्ही सगळ्यांनी होकार समजलो होतो.

याला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. जीभ आणि घसा ठीक असतात, बुद्धी बरीचशी शाबूत असते, पण विचारापासून शब्दापर्यंतची वाट तुटते. आपल्याकडे भर्तृहरीने वाणीच्या पायऱ्या सांगितल्या होत्या, पश्यन्ती, मध्यमा, वैखरी. पुढच्या परंपरेने त्यांच्या आधी परा जोडली. आपण ऐकतो ती फक्त शेवटची, वैखरी. भर्तृहरी मेंदूविज्ञान सांगत नव्हता, पण मला ती मांडणी आज्यापाशी बसून पहिल्यांदा खरी वाटली. वैखरी बंद पडली म्हणून आतलं घर रिकामं झालं असं आम्ही धरून चाललो होतो.

*

आधुनिक काळातली या आजाराची सगळ्यांत प्रसिद्ध केस 1861 सालची आहे, पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातली. लेबोर्न्य नावाचा एक माणूस तिथे 21 वर्षं होता. त्याला 'तां' एवढंच म्हणता यायचं, म्हणून सगळे त्याला 'तां'च म्हणत. डॉक्टर पॉल ब्रोका यांनी त्याला तपासलं आणि काही दिवसांतच तो वारला. ब्रोकांनी त्याचा मेंदू पाहिला, डाव्या बाजूला पुढे इजा सापडली, आणि त्या भागाला आजही ब्रोकांचं नाव आहे.

मला यातला मेंदू फारसा आठवत नाही. लक्षात राहिली ती ब्रोकांनीच नोंदवलेली एक छोटी गोष्ट. त्यांनी विचारलं, तू इथे किती वर्षं आहेस? त्या माणसाने डाव्या हाताची पाचही बोटं चार वेळा उघडली आणि मग एक बोट वर केलं. एकवीस. बरोबर उत्तर. इतकी वर्षं लोक त्याला त्याच्या एकुलत्या एक अक्षरावरून ओळखत होते, आणि तो दिवस, महिने, वर्षं मोजत होता. उत्तर देता येईल अशा रीतीने कुणी विचारलं, म्हणून ते बाहेर आलं.

आपल्या कायद्यालाही हे माहीत आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. त्यांत वाचा आणि भाषा हा प्रकार आहे आणि त्याच्या व्याख्येत अफेजियाचं नाव आहे. हाच कायदा म्हणतो की दिव्यांग व्यक्तीला मालमत्तेबाबत इतरांसारखाच अधिकार आहे, आणि निर्णय घेताना आधार लागला तर तो आधार तिच्याशी मिळून, तिची इच्छा समजून घेऊन द्यायचा आहे. कायद्याने हक्क दिला. पण 'हां' आणि होकार यांतला फरक ऐकणारं कुणीतरी समोर बसलेलं असावं लागतं.

*

एकदा तिथे शिकायला आलेली एक मुलगी आज्याला चित्रं दाखवत होती. तोवर काही शब्द परतायला लागले होते. तिने डोळ्याचं चित्र धरलं. आजा बराच वेळ धडपडला आणि म्हणाला, "डोला."

"डो-ळा," तिने प्रेमाने सुधारलं.

आजा गप्प झाला. पुढच्या तीन चित्रांना त्याने तोंडच उघडलं नाही. मॅडम कोपऱ्यात लिहीत बसल्या होत्या, त्या उठून आल्या आणि त्या मुलीला हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांच्या घरी डोलाच म्हणतात. ते बरोबर बोलले होते. त्यांना सांग."

आगरी-कोळी बोलीत 'ळ' नसतो, 'ण'चा 'न' होतो. या शास्त्रात याला बोलीतला फरक म्हणतात, वाणीतला दोष नाही, आणि हे दोन वेगळे करता येणं हे कामाचं पहिलं कौशल्य मानतात. लहान मुलांच्या बाबतीतही तेच. घरात दोन भाषा आहेत म्हणून मूल उशिरा बोलतं हा समज संशोधनात टिकलेला नाही. तरी इंग्रजी शाळेसाठी घरातली बोली बंद करणारी घरं मी आमच्याच गल्लीत दाखवू शकते.

आमचंही त्यांतलंच. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी मी ओरलमध्ये एकदा 'पानी' म्हणाले आणि वर्ग हसला. त्यानंतर दोन महिने मी आरशासमोर 'ळ' आणि 'ण' घोटवले. माझ्या दोषाची थेरपी मीच केली, फी न घेता, आणि तो दोषच नव्हता. आज्याला 'डोला' बरोबर आहे असं कुणीतरी सांगताना ऐकलं तेव्हा माझ्या घशात काहीतरी अडकलं. तो क्षण मला हाकेसारखा वाटला. पहिला राजीनाम्याचा मेल मी त्याच रात्री लिहिला.

आता मागे वळून बघताना मला त्या मेलवर शंका येते. मला त्या खोलीत जायचं होतं ते आज्यासारख्यांसाठी, की आरशासमोरच्या अठरा वर्षांच्या मुलीसाठी?

*

शेताचं मी मॅडमना सांगितलं. खरं तर तक्रारच केली. त्या 'हां'च्या जोरावर कागद होणार आहेत, तुम्ही लिहून द्या की आज्याला विकायचं नाही.

"त्यांना विकायचं नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, आयुष्य गेलंय त्याचं त्या जमिनीवर.

त्या म्हणाल्या, "मी फक्त एवढंच लिहू शकते की आत्ता त्यांचा 'हां' होकार धरता येणार नाही. बाकी त्यांनाच विचारायला लागेल. वेळ लागेल."

कागद थांबले. काका चिडले, पण थांबले. पुढचे चार महिने प्रश्न विचारण्याचीच तयारी चालली. मॅडमनी माझ्याकडून शेताचे फोटो मागवले, बांध, उंबराचं झाड, खाडीकडची बाजू. दोन कार्डं केली, एक ठेवायचं आणि एक विकायचं, चित्रासकट. आधी क्षुल्लक गोष्टींवर सराव. चहा की कॉफी, हा शर्ट की तो. बोट दाखवलेलं आणि खरंच हवं असलेलं जुळतंय का हे बघत. याच काळात घरी गणपती आले आणि आरतीला आजा अख्खी आरती म्हणाला. शब्द न् शब्द. आजी रडली, आम्ही व्हिडिओ काढला, सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मॅडमनी व्हिडिओ पाहिला, आनंद झाला म्हणाल्या, आणि मग सांगितलं की पाठ असलेलं बोलणं अनेकदा असं वाचतं. आरती, आकडे, शिव्या. "छान आहे, त्याचा उपयोगही करू. पण त्यात पुढचा शब्द आधीच ठरलेला असतो. बोलणं म्हणजे पुढचा शब्द आपण निवडणं."

मला त्या खोलीतली सगळ्यांत अवघड गोष्ट जमत नव्हती ती थांबण्याची. आजा "प... प..." करायला लागला की मी "पाणी? पंखा? पैसे?" सुरू करायचे. आमच्या कोडमध्ये समोरच्या सिस्टिमने ठरावीक वेळेत उत्तर दिलं नाही की टाइमआउट होतो आणि आपण पुढे जातो. सेकंदाचाही उशीर आमच्याकडे बग मानतात. मॅडम एकदा म्हणाल्या, "त्यांचं वाक्य त्यांचं आहे. तुम्ही मदत करता आहात असं तुम्हाला वाटतं, त्यांच्या बाजूने ते वाक्य हिसकावून घेतलेलं असतं." त्यांच्याकडे बघून मी मनातल्या मनात आकडे मोजायला शिकले. वीस, पंचवीस, तीस. तीसपर्यंत गप्प बसणं किती लांब असतं ते एकदा करून बघा.

शेवटी तो दिवस आला. वडील, काका, मी. मॅडमनी दोन्ही कार्डं टेबलावर ठेवली, प्रश्न एकदाच, सोप्या शब्दांत विचारला आणि थांबल्या. आज्याने फोटो बघितले. उंबराच्या झाडावर बोट फिरवलं. माझं मन भरून आलं. मग त्याने विकायच्या कार्डावर हात ठेवला.

मॅडमनी पुढच्या आठवड्यात कार्डांच्या जागा बदलून परत विचारलं. त्यानंतरच्या आठवड्यात प्रश्न उलटा करून विचारला. तिन्ही वेळा उत्तर तेच. तिसऱ्या वेळी तो बोललाही. बराच वेळ ओठ हलत राहिले आणि मग स्पष्ट आलं, "वीक." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे बघत, "खारं."

खारं. त्या जमिनीत जो राबला त्याला ती काय आहे ते ठाऊक होतं. माझ्यासाठी ती मुळं होती, वारसा होता, इन्स्टाग्रामवरचा संध्याकाळचा फोटो होता. त्याच्या तळपायांना मिठाच्या भेगा होत्या. निकाल आधीच्या 'हां'सारखाच लागला, काका मला म्हणालेही, एवढ्यासाठी चार महिने घालवलेस. मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं, आता सुचतं. आधी आज्याच्या नावाने आम्ही विकत होतो, आता आजा विकत होता. आणि मीही काकांपेक्षा वेगळी नव्हते. त्यांनी त्याच्या तोंडात होकार घातला होता, मी नकार घालायला निघाले होते. मुक्याला वाचा देणं असं आपण सहज म्हणून जातो. वाचा दिली तर तो आपल्याला नको असलेलंही बोलेल, हे त्यात धरलेलं नसतं.

*

त्यानंतर मी मॅडमना विचारलं की मी हे शिकायला येऊ का. माहिती काढली होती. पदवी चार वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. माझ्या वयाला परत पहिल्या बाकावर बसायचं. घराचे हप्ते चालू आहेत.

मला वाटलं त्या खूश होतील. त्यांनी विचारलं, "मी इथे कशी आले, सांगू? मेडिकलला नंबर लागला नाही. या कोर्सला लागला. पहिलं वर्ष मी रडून काढलं." आणि मग? "मग काही नाही. रोज येत राहिले. चार-पाच वर्षांनी कधीतरी लक्षात आलं की सुट्टीच्या दिवशी मला पेशंट आठवतात."

मला यात निराशा वाटायला हवी होती, वाटली नाही. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यांत विनोबा सांगतात की स्वधर्म हुडकावा लागत नाही, आई जशी निवडावी लागत नाही तसा तो जन्मापासून आपल्याजवळ असतो. हे वाचून आधी मी चरफडले होते. जन्मापासून जवळ असलेलं काम म्हणजे आज्याचं मीठ का? आगऱ्याच्या पोराने मीठच ओढायचं, हे आपल्या समाजाने पुरेसं ऐकवलंय, आणि शेत विकताना आज्यानेही त्यावर एका शब्दात मत दिलं. तो अर्थ मला मान्य नाही. पण विनोबांच्या म्हणण्यातला एक भाग मी टाकू शकत नाही. काम आत खोल पुरलेल्या खजिन्यासारखं नसतं, ते समोर, जवळ, आधीच उभं असतं. मॅडम हाक ऐकून त्या खोलीत गेल्या नाहीत. त्या खोलीत रोज बसल्या म्हणून त्यांना हाक ऐकू यायला लागली.

म्हणजे क्रम आपण समजतो त्याच्या उलटा असावा. आधी आपल्या आत काहीतरी वाजेल आणि मग आपण निघू, असं आपल्याला सांगितलेलं असतं. बहुतेकांच्या बाबतीत आधी ओ दिली जाते, नाइलाजाने, अर्ध्या मनाने, नंबर लागला म्हणून. हाक कुणाची होती ते नंतर उमगतं. आणि ज्यांना कधीच काही वाजलं नाही, त्यांचं आयुष्य कमी ठरत नाही. आज्याला कुणी विचारलं नाही की तुझं पॅशन काय. हाक ऐकायला थांबता येणं ही ऐपतीची गोष्ट आहे, आणि माझी ती ऐपत त्याच्या मिठातून आली.

मग मी मेल पाठवणार का? मॅडमनी मला उत्तर दिलं नाही, काम दिलं. म्हणाल्या, "सहा महिने आजोबांचं एकही वाक्य पुरं करू नकोस. जमलं तर फॉर्म भर." त्या दिवसापासून त्या मला 'तू' म्हणतात. चार महिने झालेत. एकूण अकरा वेळा चुकले आहे, वहीत लिहून ठेवलंय. माझ्या लक्षात यायला लागलंय की ऑफिसच्या मीटिंगमध्येही मी लोकांची वाक्यं तोडते, आईची तर रोजच. कदाचित मी कॉलेजला जाईन. कदाचित इथेच राहून, आहे त्या कामात, जरा बऱ्या कानाची होईन. तीन मेलमध्ये मी लिहिलं होतं की मला माझं काम सापडलंय. चौथा लिहिला तर ते वाक्य त्यात नसेल.

परवा रविवारी संध्याकाळी मी घरात लॅपटॉप घेऊन बसले होते. बाहेर ओटीवरून आज्याचा आवाज आला. आधी नुसता 'ए', मग लांबलचक शांतता. मी उठले नाही. मोजत राहिले. बावीसला तो बोलला. नाव चुकलं, माझ्याऐवजी आत्याचं आलं. वाचाघातात असं होतं, जवळचं नाव जवळच्या नावाच्या जागी येऊन बसतं. आत्या लग्न होऊन वसईला गेली त्याला तीस वर्षं झाली.

मी ओ दिली.